शिडाचा होल्डॉल

वडखळच्या नाक्यावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. पेणला भाचीच्या घरचं बारसं आटोपून निघाले होते, हातात घुगऱ्यांचा डबा होता, आणि एस.टी. तिच्या मर्जीने येणार होती. पुलाच्या सावलीत एक ट्रक थांबला होता आणि त्याच्या मागे रस्त्याच्या कडेला एक माणूस फाटकी ताडपत्री मांडीवर घेऊन शिवत बसला होता. तळहाताला चामड्याची पट्टी, हातात दाभण, शेजारी मेणाचा काळपट गोळा. दोरा मेणावरून ओढताना बारीक करकर आवाज व्हायचा. उन्हात तापलेलं जाड कापड आणि मेण यांचा मिळून एक वास असतो. तो सांगून कळायचा नाही, पण एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. तो वास आला आणि मी डबा खाली ठेवला.

त्या वासापाठोपाठ आधी माणूस आठवायला हवा होता. आठवला एक शब्द, होल्डॉल. हा आमच्या घराण्याचा दोष आहे. माझे वडील पेणच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि शब्द फोडून बघायची त्यांना खोडच होती. लहान मूल घड्याळ उघडून बसतं तसे ते शब्द उघडून बसत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यातून सुटका नसे. कुणाच्या मयताला जाऊन आले तरी परतताना कुठल्यातरी शब्दाचं मूळ त्यांना सापडलेलं असे, आणि आई दारातूनच 'आधी आंघोळ करा' म्हणून त्यांना मोरीकडे पिटाळत असे. मी पुढे तीस-एक वर्षं रोह्याच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं, तेव्हा ती खोड माझ्याकडेही सरळ वारशाने आली आहे.

होल्डॉल आता कुणाला माहीत नाही. माझ्या नातवाला मी विचारलं, तर त्याला ते एखाद्या गोळीचं नाव वाटलं. आता सगळ्या जगाच्या सामानाला चाकं फुटली आहेत आणि फरशीवरून खडखडत जाणाऱ्या त्या पेट्यांचा मला मनापासून राग येतो. होल्डॉल म्हणजे जाड कापडाची, माणसाच्या लांबीची पथारी. दोन्ही टोकांना मोठे खिसे, एकात उशी, दुसऱ्यात कपडे. मध्ये गादी, चादर, कांबळं. दोन्ही बाजूंच्या झडपा आत दुमडायच्या, सगळ्याची गुंडाळी करायची आणि चामडी पट्ट्यांनी आवळायची. जिथे उतराल तिथे उलगडली की आपलं अंथरूण आपल्या वासासकट तयार.

इंग्रजांच्या प्रवासाच्या शब्दांत काव्य कमी आणि हमाली जास्त, असं वडील म्हणायचे. 'लगेज' म्हणजे जे ओढत न्यावं लागतं ते. 'पोर्टमँटो' फ्रेंचांकडून उचललेला, त्याचाही अर्थ अंगरखा वाहणारा. आणि 'होल्डॉल' म्हणजे धरणं आणि सगळं, हे दोन साधे शब्द शेजारीशेजारी ठेवून दोरीने बांधावेत तसे बांधलेले. ज्याने कुणी तो पहिल्यांदा वापरला त्याला निघायची घाई असणार. पुढे नोकरी लागल्यावर मी मोठमोठ्या कोशांत तो शोधला. त्याला तिथे जेमतेम बोटभर जागा दिलेली असते. त्यांच्याकडे तो शब्द हळूहळू साध्या पिशवीवर जाऊन बसला. आपल्याकडे आगगाड्यांबरोबर, बदल्यांबरोबर, छावण्यांबरोबर हिंडणाऱ्या लोकांनी त्याला अंथरुणाचा अर्थ दिला आणि इंग्रज निघून गेले तरी तो अर्थ इथेच राहिला. एवढं सगळं मला ठाऊक आहे. पण तो शब्द उच्चारला की मला कोश दिसत नाहीत. मला धरमतरच्या खाडीकाठी, मातीच्या ओटीवर, मांडीवर शीड घेऊन बसलेला एक माणूस दिसतो.

आम्ही त्यांना शिडकाका म्हणायचो. खाडीच्या बाजूचं त्यांचं गाव मिठागरांचं आणि भातशेतीचं. गावात बहुतेकजण उन्हाळ्यात मिठावर आणि पावसाळ्यात शेतावर असत, पण शिडकाकांचा धंदा शिडं शिवण्याचा. मीठ, भात, कौलं घेऊन मुंबईकडे जाणारे मचवे पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर ओढून शाकारले जायचे, त्यांची शिडं उतरायची आणि बैलगाडीतून शिडकाकांच्या ओटीवर यायची. नारळी पौर्णिमेपर्यंत ती दुरुस्त करून द्यायची. म्हणजे सगळं जग चिखलात असताना हा माणूस कोरड्यावर बसून वाऱ्याची तयारी करत असे. वडिलांना त्यांच्याकडे जायला फार आवडायचं. एकदा त्यांनी शिडकाकांना सांगितलं की तुमच्या मांडीवरचं हे डोंगरी कापड मुंबईच्या डोंगरीत विकलं जायचं, तिथून इंग्रजांनी ते उचललं आणि त्याचं नाव 'डंगरी' म्हणून साऱ्या दुनियेला दिलं. शिडकाका दाभण न थांबवता म्हणाले, "नेवू द्या, मास्तर. नाव नेलानी, कापड तर हितंच हाय."

त्यांची एकुलती एक मुलगी माझी मैत्रीण. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती, त्यामुळे ती वाढली शिडांच्या घड्यांवर. दोऱ्याला मेण लावणं हे तिचं पहिलं खेळणं. पेणच्या शाळेत ती यायची, आणि पावसाळ्यात खाडीचा रस्ता पाण्याखाली जायचा म्हणून ते महिने आमच्याच घरी राहायची. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपत असू. सुटीला मी तिच्याकडे. ती डावखुरी होती. शाळेत मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, जेवणही उजव्या हाताने. पण दोरी हातात आली की डावा हात आपोआप पुढे व्हायचा, आणि तिथे तिला अडवणारं कुणी नव्हतं.

शिडकाकांची एक गाठ होती. ती सुरगाठ नव्हती आणि निरगाठही नव्हती. वाऱ्याने कितीही ताण दिला तरी सुटायची नाही, पण उजवीकडचं टोक हिसकलं की क्षणात मोकळी. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेली. मुलीने ती पाहून पाहून उचलली, पण डाव्या हाताने, त्यामुळे आरशात पाहावी तशी ती उलटी बसायची आणि डावीकडून सुटायची. साऱ्या खाडीत तशी गाठ बांधणारी ती एकटीच. खलाशी चिडायचे. मचव्यावर कुणी घाईत उजवं टोक ओढलं तरी शीड मोकळं होत नसे, तेव्हा तो तिथूनच ओरडे, "शिडवाल्याच्या पोरीनं बांदली वाटतं." शिडकाका हसायचे. आपली मुलगी आपल्यापेक्षा वेगळी बांधते याचं त्यांना मनातून कौतुक होतं, ते मला तेव्हाही दिसायचं.

मॅट्रिक झाल्यावर तिने नर्सिंगला जायचं ठरवलं. घाटावरच्या एका मोठ्या गावी इस्पितळ होतं, तिथे मुलींना शिकवून नोकरी देत. शिडकाकांनी विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, "तिकडं खाडी हाय का गो?" ती म्हणाली, नदी आहे. "मग चालंल." तिकडून निरोप आला की प्रत्येकीने आपलं अंथरूण होल्डॉलमध्ये घेऊन यावं. तो निरोप घेऊन शिडकाका आमच्या घरी आले आणि चप्पल बाहेर काढून ओटीच्या कडेला बसले.

"मास्तर, होल्डॉल म्हंजे काय वो?"

वडिलांना अशी संधी वर्षातून एकदा मिळायची. त्यांनी शब्द फोडून दाखवला, पाटीवर आकृती काढली, साहेब लोक छावणीत कसे उतरत ते सांगितलं, खिसे कुठे, झडपा कुठे, सगळं. शिडकाका पाटीकडे बराच वेळ बघत राहिले.

"शिडच हाय म्हना की," ते म्हणाले. "येवढं लहान. वाऱ्याच्या जागी गादी."

"पट्टे मात्र चामड्याचे लागतील," वडील म्हणाले.

"चामडं कनाला? पावसात कुजंल. दोरी घालीन."

त्या वर्षी एका मचव्याला मालकाने इंजिन बसवलं होतं आणि त्याचं शीड शिडकाकांच्या ओटीवरच पडून होतं. न्यायला कुणी येणार नव्हतं. ते त्यांनीच पूर्वी शिवलेलं. शीड कापायची त्यांच्यात रीत नव्हती. ठिगळावर ठिगळ लावत ते विरेपर्यंत चालवायचं, आणि अगदीच गेलं तर लहान मुलाच्या पाळण्यावर घालायचं, पायाखाली कधी नाही. ते शीड त्यांनी अंगणात पसरलं, सगळ्यात कमी वारा लागलेला मधला भाग बोटांनी चाचपून निवडला आणि कात्री चालवली. मी तिथे होते. कापडाचा आवाज मोठा झाला. त्यांनी मान वर केली नाही. आठवडाभर ते तेच शिवत होते आणि दोन मचव्यांचे लोक आपली शिडं झाली नाहीत म्हणून खोळंबले होते. होल्डॉल तयार झाला तेव्हा आम्ही दोघी त्यात आळीपाळीने झोपून पाहिलं. मग शिडकाकांनी गुंडाळी करून आपल्या गाठीने बांधला, आणि तिने लगेच ती सोडून आपल्या गाठीने बांधला. "उलटी ती उलटीच तू," ते म्हणाले. वडखळच्या याच नाक्यावरून ती घाटावरच्या गाडीत चढली. होल्डॉल टपावर टाकायला त्यांनी कंडक्टरला हात लावू दिला नाही. स्वतः शिडी चढून ठेवून आले.

दिवाळीत ती आली तेव्हा तिच्या अंगाला फिनेलचा वास येत होता आणि बोलण्यात 'वॉर्ड' आणि 'ड्युटी' आली होती. दोरीच्या होल्डॉलला मुली हसल्या म्हणून सांगत होती. सांगताना स्वतःच हसत होती. मला वाटतं त्या दिवाळीत ती फार सुखात होती. शिडकाका मात्र थोडे गप्प झाले होते. धरमतरला इंजिनाच्या बोटी वाढत होत्या, शिडं कमी येत होती, आणि ज्या ओटीवर पूर्वी पाय ठेवायला जागा नसे तिथे आता कोंबड्या फिरत.

पुढच्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, ती रजेवर यायची होती. पेणमध्ये ते दिवस गडबडीचे. कारखान्यांतून मूर्ती पेंढ्यात बसवून टेम्पोत चढत होत्या, रस्त्यात सगळीकडे पेंढा उडत होता. माझंही लग्न ठरत आलं होतं, रोह्याचं स्थळ होतं, आणि मला ते तिला सांगायची घाई झाली होती. अशात एका सकाळी शिडकाका आमच्या दारात आले. धुतलेला सदरा घातलेला.

"पोर येते गो आज," ते मला म्हणाले. "बिछाना फुडं धाडलान. काल सांजच्याला नाक्यावर च्यावाल्याकडं कोन मानूस ठेवून गेला. शिडवाल्याचा हाय बोलला न् गेला. मी बगतंय तर तिचीच गाठ. गर्दीच्या गाडीत वज्जं नको म्हनून धाडला आसंल."

आईने त्यांना चहा दिला, तोही त्यांनी उभ्यानेच घेतला. त्यांना वडखळला परत जायचं होतं, कारण घाटावरची गाडी कुठलीही असली तरी नाक्यावर थांबणार, आणि कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मीही दुपारी येते. मी केसांना तेल लावलं, वेणी घातली.

दुपारी मी निघायच्या आतच तार आली. खाडीकाठच्या त्यांच्या गावाचं टपाल वेळेवर पोचत नसे म्हणून तिने आमचा पत्ता दिलेला होता. तार इंग्रजीत होती. तिला घटसर्प झाला होता, ती गेली होती, आणि आधीच्या तारेला उत्तर न आल्यामुळे तिथेच अंत्यसंस्कार केले, असं त्यात होतं. आधीची तार आम्हाला कधी मिळालीच नाही. ती कुठे अडकली ते अजूनही माहीत नाही.

वडील आणि मी वडखळला गेलो. नाक्यावर चहाच्या टपरीबाहेर बाकावर शिडकाका बसले होते, शेजारी होल्डॉल, त्यावर त्यांचा हात. आम्हाला बघून त्यांनी बाकावर सरकून जागा केली. वडिलांनी तार काढली आणि इंग्रजीतच वाचायला लागले. आयुष्यभर शब्द फोडून त्यांचा अर्थ सांगणाऱ्या माझ्या वडिलांना त्या दोन ओळींचं मराठी करता येईना. शेवटी म्हणाले, "ती गेली हो." आणि खाली बसले.

शिडकाकांना नीट ऐकू आलं होतं. त्यांनी तारेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, कागद कोनी बी लिवल. नावात चूक व्हते, येका नावाच्या धा पोरी आसतात. ही बगा. ही कोनी बांदली?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून गाठ पाहिली. ती उलटी होती. दोन्ही दोऱ्यांना तशीच, तिच्याच हातची, घट्ट, नीटस. डावीकडचं टोक जरा लांब सोडलेलं, ती सोडायची तसं.

"तिचीच आहे," मी म्हणाले.

"मंग? मेलेलं मानूस बिछाना बांदतंय?"

खरं सांगायचं तर मला याचं उत्तर नकोच होतं. त्या गाठीकडे पाहून माझ्याही मनाने तार खोटी ठरवून टाकली होती. वडिलांनी इस्पितळाकडे उलट तार केली. तिचं उत्तरही तेच आलं, त्यात रजिस्टरमधलं पूर्ण नाव आणि गाव होतं. शिडकाका म्हणाले, "बांदली कोनी ते इचारा त्यांना." ते कसं विचारणार? तारेत अशा गोष्टी विचारता येत नाहीत.

मग ते रोज नाक्यावर येऊन बसू लागले. होल्डॉल बरोबर आणायचे आणि संध्याकाळी डोक्यावर घेऊन परत न्यायचे. त्यांनी तो उघडला नव्हता. तिचं सामान आहे, ती उघडेल, असं म्हणायचे. गावातली वडीलधारी माणसं समजवायला गेली. दिवस उलटत होते, क्रियाकर्म व्हायला हवं होतं, पोरीच्या जिवाला गती मिळायला हवी होती. शिडकाकांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "जित्या पोरीचे दिवस घालू? मना तसलं पाप नको." लोक हळूहळू त्यांना टाळायला लागले. वेड लागलंय असं कुणीतरी म्हणालं तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला घरातून जायला सांगितलं. त्यांना एवढं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी ती मुलगी आमच्या दारात उभी राहिली. सावळी, उंच, पांढऱ्या साडीत, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात तोंडाला फडकं बांधलेला तांब्या. माझ्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहणारी, देशावरच्या कोरडवाहू गावची. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता, पेणचं नावही तिने मैत्रिणीच्याच तोंडून ऐकलेलं. रजा मिळताच घरी न जाता ती इकडे आली होती. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून आईने तांब्या परसातल्या पेरूच्या फांदीला बांधला आणि तिला न्हायला पाणी दिलं. न्हाऊन, दोन घास खाऊन तिने सांगितलं. लहान मुलांच्या वॉर्डात साथ होती. सगळ्यांना सुट्टी देता येत नव्हती. माझ्या मैत्रिणीचा घसा धरला आणि मग सगळं भराभर झालं. अलिबागकडे जाणाऱ्या इस्पितळाच्या माणसाबरोबर सामान पुढे पाठवलं होतं, तो घरी जाऊन सगळं सांगेल असं ठरलं होतं. त्याचा धीर झाला नसावा.

मी विचारलं, "सामान बांधलं कुणी?"

"मीच."

"आणि गाठ?"

"ती पण मीच बांधली," ती म्हणाली. मी इतकी रोखून का बघते आहे ते तिला कळेना. "माझ्या वळकटीचा पट्टा तुटला, तेव्हा तिनं शिकवली होती."

"तू डावखुरी आहेस?"

"नाही. तिनं अशीच शिकवली. मला दुसरी येत नाही."

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. इतके दिवस शिडकाकांची समजूत घालायची भाषा आम्ही सगळे बोलत होतो, पण आपणही तिची वाटच पाहत होतो हे मला त्या पायरीवर कळलं. पेरूच्या झाडाकडे मी पाहू शकले नाही.

त्या दिवशी शिडकाका नाक्यावर गेले नव्हते, अंगात कणकण होती. आम्ही तिघं तांब्या घेऊन त्यांच्या गावी गेलो. वाटेत मी त्या मुलीला गाठीचं सगळं सांगितलं. ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते आणि होल्डॉल पाटावर ठेवलेला होता. वडिलांनी मुलगी कोण ते सांगितलं. पुढचं कसं सांगावं म्हणून ते घुटमळले. ती मुलगी मात्र सरळ पाटासमोर बसली, पदर खोचला, एका दोरीची गाठ डावीकडून ओढून सोडली आणि पुन्हा बांधायला लागली. तिचे हात कामाचे होते, उजव्या हाताची माणसं करतात तसं सगळं ती आधी उजव्या हाताने करायला जाई आणि मग थांबून डावा पुढे घेई.

शिडकाका भिंतीपासून पुढे झाले. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. फक्त हातांकडे बघत होते. गाठ बसली.

"पुन्यांदा बांद," ते म्हणाले.

तिने सोडली आणि पुन्हा बांधली.

"आंगठा तितंच ठेवायची ती," ते म्हणाले. मग त्यांनी तिला विचारलं, "शेवटाला पानी जात व्हतं का गो घशातून?"

"थोडं थोडं जात होतं. मी पाजत होते, बाबा."

त्यांनी मान हलवली. भिंतीला हात टेकून उठले, खुंटीवरचा पंचा घेतला. "कुटं हाय ती?" त्यांनी विचारलं. वडिलांनी बाहेर बांधावरच्या झाडाकडे बोट दाखवलं, तिथे आम्ही तांब्या टांगला होता. शिडकाका उघड्या पायांनी बाहेर गेले आणि दोन्ही हातांनी तो त्यांनी स्वतः उतरवला. तेव्हा कुठे ते रडले. मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, आणि घराघरातून माणसं धावत आली. ओहोटीला त्यांनी अस्थी खाडीत सोडल्या. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं.

ती मुलगी चार दिवस आमच्याकडे राहून परत निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला शिडकाका नाक्यावर आले. त्यांच्या डोक्यावर होल्डॉल होता, गाठी तिने बांधलेल्या तशाच. ती नको नको म्हणत असताना ते शिडी चढले आणि टपावर ठेवून आले. "आतलं काय बाय तुमी पोरींनी वापरा," ते तिला म्हणाले. "नायतर तसंच ऱ्हावं दे." गाडी सुटली. ती वळून वळून बघत होती.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, लेकीची एवढीच वस्तू होती. ठेवून का नाही घेतलीत?"

ते रस्त्याकडेच बघत होते. "ठेवून काय करू गो? येक दिस मना ऱ्हावनार नाय, सोडीन मी ती. आन येकदा सोडली का मंग मी बांदीन ती उजवीच बसंल."

त्यानंतर ते फार वर्षं जगले नाहीत. शिडंही त्याच सुमारास संपली. मी लग्न होऊन रोह्याला गेले, कुंडलिकेच्या काठी संसार केला, मुलींना इंग्रजी शब्द फोडून दाखवले. धरणं आणि सगळं, हे मी वर्गात कित्येकदा सांगितलं असेल, आणि सांगून झाल्यावर दरवेळी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत उभी राहिले असेन. आता त्या मुलीचं वय माझ्याएवढंच असणार, असली तर. तिच्या कोरड्या गावात कुठल्यातरी घरी धान्याचं पोतं किंवा नातवंडाची झोळी अजून डावीकडून सुटत असेल आणि घरच्यांना ती म्हातारीची एक लहर वाटत असेल. खाडीवर आता ती गाठ कुणालाच येत नाही, मी चौकशी केली आहे. मलाही येत नाही. तिच्या शेजारी इतके पावसाळे बसून मी ती शिकले नाही, कारण ती असताना शिकायची कधी गरजच पडली नव्हती.